भांगाच्या दिवसांतली पालकसभा

“त्या नव्या बाईला तोंड न्हाय का गो? नुस्त्या चिठ्ठ्या धाडते.”

बोंबलांच्या पडद्यापलीकडून हा आवाज आला आणि मी होते तिथेच थांबले. पडदाच होता तो. बांबूच्या चौकटींवर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांच्यावर एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले ओले बोंबील. वारा आला की ते हलायचे, आणि मागे बसलेल्या बायकांच्या लुगड्यांचे रंग तुकड्यातुकड्यांनी दिसायचे. एक हिरवा, एक जांभळा, एक मॅक्सीवरचा टॉवेल.

“तोंड हाय,” दुसरी म्हणाली, “पन उघडलं तं लिपस्टिक पुसल ना तिची!”

सगळ्या खळ्यावर हसू पसरलं. मी लिपस्टिक लावत नाही. पण तेवढं सांगायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं. मी चपला हातात घेतल्या, वाळूवरून आवाज न करता मागे वळले आणि लांबच्या रस्त्यानं शाळेत गेले. त्या दिवशी प्रार्थनेला मला उशीर झाला.

परवा वर्गाची समुद्राकडची खिडकी उघडली आणि हे सगळं त्या वासाबरोबर आत आलं. दिवाळीची सुट्टी संपून दोनच दिवस झाले होते. फळ्यावर अजून सुट्टीआधीची तारीख होती. खळ्यावर, म्हणजे मासळी सुकवायच्या त्या मोकळ्या जागेवर, पहिले बोंबील चढले होते. पहिल्या वर्षी हा वास आला तेव्हा मी रुमाल नाकाला लावला होता, आणि मुलांनी ते पाहिलं होतं. मुलं पाहतातच, आणि घरी जाऊन सांगतात. आता हा वास आला की मला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं होतं. माझा इथला हा चौथा हंगाम.

मी मूळची उरणकडची. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी ट्रक घेतले, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेची बस गावाच्या तिठ्यावर यायची. बसची पायरी चढताना मी घरची आगरी बोली खाली ठेवायचे आणि संध्याकाळी उतरताना उचलायचे. पुढे पुढे उचलायचं राहून गेलं. इंग्रजीही कधी पुरतं माझं झालं नाही. अशा माणसाला गप्प राहणं फार सोयीचं पडतं, आणि लोक त्यालाच शहाणपण समजतात, त्यामुळे ते सुटतही नाही.

रेवदंड्याला मी एक खोली घेऊन राहते. तिथून रिक्षानं खाडीच्या मुखापर्यंत, मग खळ्यावरून चालत शाळा. सातवीपर्यंतची शाळा, कोळीवाड्याच्या टोकाला. गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू करायचं ठरलं तेव्हा त्यांना इंग्रजी येणारी शिक्षिका हवी होती, म्हणून मला पाचवीचा वर्ग मिळाला. मुलांशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. घरच्यांशी बोलायची वेळ आली की मात्र मी पळ काढायचे. एखादी आई शाळेच्या फाटकाशी दिसली तर मी कार्यालयात जाऊन खडू शोधायचे.

म्हणून मी लिहायचे. वहीच्या शेवटच्या पानावर, डायरीत, पालकांच्या ग्रुपवर. माझं लेखी मराठी फार नीटनेटकं होतं. “आदरणीय पालक, आपणांस कळविण्यात येते की…” असं काय काय. ग्रुपवर मी लिहायचे आणि रात्री जेवताना पाहायचे, तर बऱ्याच जणांच्या नावापुढे एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच. चार दिवसांनी कधीतरी सगळ्या टिका एकदम निळ्या व्हायच्या, आणि तरीही उत्तर नाही. मी मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: या लोकांना काही पडलेलंच नाही. तो राग इंग्रजीतून येत होता की मराठीतून, ते आता आठवत नाही. राग होता एवढं खरं.

त्या पहिल्या हंगामातली पालकसभा मी एका शनिवारी सकाळी अकराला ठेवली. मुलांकडून फरशी धुऊन घेतली. फळ्यावर रंगीत खडूनं कमळं काढली. बिस्किटांचे पुडे आणले. एकतीस मुलांच्या वर्गात तिघं आली. एका आईला तिच्या मुलाचा दाखला हवा होता. एक आजी चुकून दुसरीच्या वर्गाऐवजी माझ्याकडे बसली. तिसरे एक आजोबा, ते पंख्याखाली शांतपणे झोपले आणि उठल्यावर बिस्किटं घेऊन, “बरं झालं बोलावलंस बाय,” म्हणून गेले. मी हजेरीपत्रकासारखा तक्ता केला होता. त्यात अठ्ठावीस वेळा ‘गैरहजर’ लिहिलं. लिहिताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

त्या अठ्ठाविसांत एक नाव तन्वीच्या आईचं होतं. आनंदी.

तन्वी माझ्या वर्गातली, खिडकीजवळ बसणारी. पोटाशी दप्तर धरून बसायची आणि प्रश्न विचारला की उत्तर हळूच बाकाला सांगायची. पण वहीत ती वेगळीच होती. अपूर्णांकांची उदाहरणं मी फळ्यावर एका रीतीनं सोडवायचे, आणि ती घरून दुसऱ्या रीतीनं सोडवून आणायची, माझ्यापेक्षा छोट्या. एकदा तिनं पाव टोपली आणि पाऊण टोपली जवळ्याचं स्वतःच एक गणित तयार केलं होतं. सुकल्यावर जवळा किती भरेल, असं. ते मला सोडवायला वेळ लागला. मी ठरवलं, या मुलीला पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं. फॉर्मवर पालकांची सही हवी होती, फोटो हवा होता, आणि शाळा सुटल्यावर जादा तास बसायची परवानगी. आधी आईवडिलांशी बोलायचं, मग मुलीला सांगायचं, असा एक नियम मीच मनाशी केला होता. त्यामुळे तन्वीलाही यातलं काही माहीत नव्हतं.

सभेच्याच आठवड्यात, सभेआधी, मी तिच्या वहीत लिहिलं: ‘पालकांनी शाळेत येऊन भेटावे.’ हाताशी तपासायचं पेन होतं, लाल. कुणी आलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं आणि ‘भेटावे’च्या खाली रेघ मारली. तिसऱ्यांदा ‘तातडीने’ असा शब्द घातला. फॉर्मची मुदत जवळ येत होती, माझ्या मनात तेवढंच होतं.

सभेनंतरच्या सोमवारपासून तन्वी शाळेत यायची बंद झाली.

पहिले दोन दिवस मला वाटलं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीनं सांगितलं, “ती खळ्यावर असते बाई. तिची आई म्हनली, आता शाला बास.” चौथ्या दिवशी मी ते वाक्य ऐकलं, तोंड न्हाय का गो, आणि चपला हातात घेऊन परत फिरले.

शाळेत खिचडी शिजवायला तुळसामावशी असतात. तेव्हाही होत्या. कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दुपारी मी त्यांच्या चुलीपाशी नुसती जाऊन उभी राहिले. काय विचारायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी भाताचं शीत चिमटीत दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “शनवारी सभा कोनी ठेवली व्हती?”

“मी.”

“शनवारी पुनव व्हती.”

पौर्णिमेला सभा नसते, असा काही रिवाज असेल असं मला वाटलं.

“उधान व्हतं बाई,” त्या म्हणाल्या. “उधानाला पान्याला ओढ. डोलीचं जालं त्या ओढीवर भरतं. व्हड्या भरून येतात. आमी लिलावाला पलावं, निवडावं, धुवावं, टांगावं, का तुमच्या खुर्चीवर बसावं? उधानाला आमी देवाला पन भेटाला जात न्हाय.”

“मग कधी बोलावू?”

“भांगावर बोलवा. अष्टमीला. पानी मंद असतं, जालं टांगून ठेवतात, गडी घरात लोळत असतात. तवा बोलवा. गडी पन येतील, कटालून.”

मी त्यांना ग्रुपचं सांगितलं. चार चार दिवस एकच टिक असते, कुणी वाचत नाही, म्हटलं. तुळसामावशी पळी हातात धरून इतक्या हसल्या की खिचडी लागायची वेळ आली.

“आवं, फोन गड्याचा. गडी व्हडीवर. व्हडी समिंदरात. तिथं रेंज हाय का? तुमचा मेसेज मुखापाशी येऊन उभा ऱ्हातो, व्हडी परत यायची वाट बघत. आनंदीकडं फोनच न्हाय.”

मला एकदम ते दिसलं. अठ्ठावीस ‘आदरणीय पालक’ खाडीच्या मुखाशी रांगेत उभे. मलाही हसू आलं. मग रडू येतंय असं वाटलं, म्हणून मी खिचडीची चव बघायला मागितली.

“आनी चिठ्ठी धाडली तुमी,” मावशी आता हसत नव्हत्या. “लाल शाईनं. तीनदा. शालेतनं चांगल्यासाठी कंदी बोलावनं आलंय का कोनाला?”

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ‘पालक-शिक्षक संवाद’ नावाचा एक धडा होता, त्याच्यावर मला चांगले गुणही मिळाले होते. त्यात आलेख होता, बाण होते. शाळेकडून घराकडे एक बाण, घराकडून शाळेकडे एक. पाणी कुठेच नव्हतं. आणि मी तर किनाऱ्यावरचीच. मिठागराला पाणी कधी घ्यायचं ते आजोबा तिथी बघून ठरवायचे, हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं. घरातली तिथी मी बसच्या पायरीवर ठेवून आले होते, आणखी काय.

दोन दिवसांनी अष्टमी होती. शाळा सुटल्यावर मी खळ्यावर गेले. फॉर्म पिशवीत होता. काय बोलायचं ते मी सकाळी रिक्षात पाठ केलं होतं, ‘नमस्कार, मी तन्वीची वर्गशिक्षिका’ इथपासून. भांग असल्यानं खळ्यावर घाई नव्हती. आधीच्या दिवसांतला सुकलेला माल उतरवणं चाललं होतं आणि थोडीशी ओली मासळी टांगणं. आनंदी एका फाटक्या ताडपत्रीवर बसली होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. तिच्या मागे तन्वी. मला पाहिल्याबरोबर तन्वीनं मान खाली घातली आणि टोपली उचलून लांब गेली. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. लिपस्टिकवाली कोण असेल, ते मला त्या गप्प होण्याच्या तऱ्हेवरून कळलं.

मी उभी राहिले. नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

आनंदीनं वर न बघता म्हटलं, “उभ्या कनाला? सावली पडते मासलीवर.”

मी बसले. तिनं ओल्या बोंबलांचा एक छोटा ढीग माझ्यासमोर सरकवला. एक उचलला, दुसरा उचलला, जबड्यात जबडा अडकवून दाखवला. बोंबील दिसतो मऊ, पण त्याचे दात सुईसारखे असतात. दोन जोड्यांत माझं बोट रक्ताळलं. लिपस्टिकवालीनं ते पाहिलं आणि उठून एका डब्यात समुद्राचं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. “बुडवा त्यात. झोंबल, मंग थांबल.” झोंबलं, मग थांबलं.

त्यानंतर तासभर आम्ही तिघी, आनंदी, लिपस्टिकवाली आणि मी, नुसत्या जोड्या करत राहिलो. मी सोळा जोड्या केल्या, त्यातल्या पाच वाऱ्यानं सुटून खाली पडल्या. उठताना आनंदी माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या पन हाय.”

माझ्यासारख्या माणसाला समोरासमोर खुर्च्या मांडून बोलता येत नाही, हे मला त्या ताडपत्रीवर समजलं. समोरच्याचे डोळे आपल्यावर असले की शब्द उलटे फिरतात. पण शेजारी बसलं, दोघींचे हात कामात असले, डोळे मासळीवर असले की शांतता टोचत नाही. आणि हे फक्त लाजऱ्या शिक्षिकेपुरतं नाही. फळ्यासमोरच्या खुर्चीवर बसलेली आईसुद्धा लाजरीच असते. तिला तिच्या जागी बसलेली पाहिली की ती केवढी कारभारीण असते ते दिसतं. आनंदी एका नजरेत सांगायची, हा माल आजच उतरवा, तो अजून एक ऊन खाईल. तन्वीचे अपूर्णांक कुठून आले होते, ते मी तिथे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आनंदीनं स्वतःहून सुरुवात केली. तन्वी पाणी आणायला गेली होती.

“मी पन चवथीपरत शालेत व्हते,” ती म्हणाली. “एक गुर्जी व्हते, लांबचे. त्यांनी माझ्या बापाला चिठ्ठी धाडलेली. आशीच. माझ्याच हाती दिलेली, घडी करून.”

“काय लिहिलं होतं?” मी विचारलं. त्या दोन दिवसांतलं माझं पहिलं वाक्य.

“मी उघडली न्हाय. गुर्जी म्हनले, बापाला दे. बापाला वाचाला येत न्हवतं. आयला पन न्हाय. बाप घाबरला. म्हनला, पोरीनं कायतरी केलंय, शाला दंड लावल. चिठ्ठी चुलीत घातली आनी दुसरे दिशी मना खल्यावर बसवली.” तिनं एक जोडी दोरीवर टाकली. “काय लिवलं व्हतं, आजपरत मना ठाव न्हाय. गुर्जी बदलून गेले.”

ती हे रडत सांगत नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती. लिपस्टिकवाली, तिचं नाव हिरा, म्हणाली, “चांगलं लिवलं असल तर गो?”

“आता काय करू त्याचं,” आनंदी म्हणाली. “लोनचं?”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. तेव्हाच मी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण त्या चिठ्ठ्या आडव्या आल्या, तिची एक आणि माझ्या तीन, सगळ्याच. मी नुसती जोड्या करत राहिले. उजेड कमी झाला तशी उठले. फॉर्मची मुदत एका दिवसावर आली होती.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी आईला फोन केला. आमच्या फोनवर जेवण आणि ट्रकचे टायर याशिवाय फारसं काही नसतं. मी विचारलं, “आई, तू माझ्या शाळेत यायचीस ना मीटिंगला, तेव्हा तुला काय कळायचं?”

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, “काय कलतंय? ती बाई इंग्लिशमदी बोलायची. मी हसायची. हसलं का तिला वाटायचं, कललं.” आणि मग म्हणाली, “बाहेर आल्यावर तुला इचारायची, काय म्हनली गो बाई? तू म्हनायचीस, काय न्हाय.”

ते मला आठवत होतं. मला सगळंच आठवत होतं. आईची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. सगळ्यात मागचं बाक. आत जाताना मी तिला सांगायचे, “तू काही बोलू नको हं.” एकदा वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या की तुमची मुलगी फार छान लिहिते, तिला बोलतं करा. आई हसली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, आणि मी म्हटलं, काही नाही. दोन भाषांच्या मधला तो निरोप मी माझ्याजवळच ठेवून दिला. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. लाज वाटली असेल. तिची की माझी, कोण जाणे.

“बाई चांगलं म्हणाली होती, आई,” मी फोनवर सांगितलं. “छान लिहिते म्हणाली होती.”

“आता सांगतंस?” आई म्हणाली. पण ती फोन लवकर ठेवेना.

आज माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक दिनदर्शिका आहे, मोठ्या आकड्यांची. तिच्यावर अष्टमी-नवमीभोवती तुळसामावशींनी स्वतः निळ्या पेनानं गोल केलेत. सभा त्या दिवसांत असते, दुपारी चारनंतर, आणि मी फळ्यावर कमळं काढत नाही. कधी सभा वर्गात असते, कधी खळ्यावर. गडी खरोखरच कंटाळून येतात. लाल पेन मी फक्त बेरजांसाठी वापरते. घरी लिहून पाठवायचंच असेल तर आधी मुलाला वाचून दाखवते, म्हणजे घडी केलेल्या कागदात काय आहे ते नेणाऱ्याला ठाऊक असतं. आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घरी काहीतरी चांगलं जावं असं बघते. काही मुलांच्या बाबतीत ते शोधायला कष्ट पडतात. ते कष्ट माझे, त्यांचे नव्हेत.

ग्रुपवर आता मी लिहीत नाही, बोलून पाठवते. पहिला आवाज पाठवायच्या आधी चौदा वेळा पुसला होता. तन्वीचे वडील सांगतात, होडी मुखापाशी आली की सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात आणि गडी ते मोठ्यानं लावतात. इंजिनच्या आवाजावर माझा आवाज. कुणाच्या मुलानं वजाबाकी केली, कुणाच्या मुलीनं गोष्ट सांगितली, ते सगळ्या होडीला कळतं. “तुमचा आवाज आला का समजतं, घर आलं,” असं ते एकदा म्हणाले. इतकं मोठं काही मला कुणी म्हटलेलं नाही. मी त्यावर खडू शोधायला गेले.

सगळंच जमलं असं नाही. मागच्या वर्षी एक मुलगी गेली, तिच्या घरी मी चार भांग जाऊन बसले तरी गेली. एका वडिलांना मी अजूनही भेटू शकलेले नाही, ते शाळेची बाजूच टाळून जातात. त्यांच्या खिशात कुठली जुनी चिठ्ठी आहे, ते मला अजून कळायचंय.

तन्वी त्या आठवड्यात शाळेत परत आली. परीक्षेला बसली. यादीत तिचं नाव आलं नाही, थोडक्यात राहिलं. मी तोंड पाडून सांगायला गेले तर आनंदी म्हणाली, “न्हाय आलं तं न्हाय. बसली तर खरी. आमच्यात कोन बसलंय आजवर?” आणि माझ्या हातात वाटीभर सुका जवळा दिला, मीच हरले असल्यासारखा. आता तन्वी आठवीत आहे, रेवदंड्याच्या हायस्कूलला जाते. सकाळी तिची रिक्षा गावातून निघते, माझी गावाकडे येते. वाटेत दोन्ही समोरासमोर आल्या की ती बाहेर डोकावून हात करते. पूर्वी उत्तरं बाकाला सांगणारी मुलगी आता चालत्या रिक्षातून ओरडते, “बाई, आज टेस्ट हाय!”

पण खिडकीतून तो वास आत आला की मला आठवतो तो तिसरा दिवस, दशमीचा. पाणी पुन्हा हळूहळू जोर धरायला लागलं होतं, दुसऱ्या दिवसापासून होड्या जायच्या होत्या. वारा सुटला होता आणि टांगलेली मासळी वाजत होती, सुकत आली की तिचा कागदासारखा आवाज येतो. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. माझी जागा झाली होती तिथे एक. हिरा होती, बाकीच्या होत्या. तन्वी या वेळी लांब गेली नाही. आईच्या पाठीमागे पाण्याची कळशी धरून उभी राहिली.

आनंदीनं हातातली मासळी खाली ठेवली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे हात रिकामे होते. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि मी पाहिलं, की ती घाबरली आहे. खळ्याचा सगळा कारभार पाहणारी ही बाई मला घाबरत होती. माझ्या लाल रेघेला.

“आता सांगा बाई,” ती म्हणाली. “काय केलं माझ्या पोरीनं?”

‘काही नाही’ हे शब्द माझ्या जिभेवर आले. तेच नेहमी येतात. आईला वर्षानुवर्षं दिलेलं ते उत्तर. पाठ केलेलं भाषण होतं, तेही वाऱ्यावर गेलं. वारा इतका होता की हळू बोलून चालणार नव्हतं. मी श्वास घेतला, आणि जे बाहेर आलं ते शाळेच्या मराठीत नव्हतं. बसच्या पायरीवर ठेवलेलं ते, माझ्या आईच्या तोंडचं, इतक्या मोठ्यानं की खळ्याच्या त्या टोकाच्या बायकांनीही माना वर केल्या:

“काय बी वाईट केलं न्हाय तिनं, ताय! पोर हुशार हाय तुमची. यवढंच सांगाला आले मी.”